पातळ फोन घ्यावा की बॅटरी पाहावी?

प्रश्न: गॅलेक्सी एस२५ एजची ५.८ मिमी जाडी आणि १६३ ग्रॅम वजन पाहून मोह पडला आहे, परंतु बॅटरी ३,९०० एमएएचची आहे. सकाळी घर सोडून रात्री परतणाऱ्या आणि दिवसभर नकाशा व हॉटस्पॉट चालू ठेवणाऱ्या माणसाने तो घ्यावा का?

प्रतिसाद १: तेवढ्याच ६.७ इंची पडद्याचा एस२५ प्लस ७.३ मिमी जाड असून त्यात ४,९०० एमएएचची बॅटरी आहे. म्हणजे दीड मिलिमीटरसाठी आपण बॅटरीचा पाचवा हिस्सा सोडून देत आहात. काच, पडदा आणि चौकट यांची जाडी फारशी घटवता येत नसल्याने कात्री मुख्यतः बॅटरीवरच चालते. शिवाय कॅमेऱ्याचा उंचवटा राहतोच, आणि कव्हर चढवले की बारीकपणाही गेला!

प्रतिसाद २: गणित मान्य, पण प्लस १९० ग्रॅमचा आहे. आडवे पडून वाचणाऱ्याच्या मनगटाला हा फरक जाणवतो.

प्रतिसाद ३: हॉटस्पॉटचा उल्लेख वाचल्यावर माझे मत नकाराकडेच झुकते. लहान बॅटरी दिवसातून दोनदा चार्ज करावी लागली, तर ती लवकर थकते. आणि खिशात पॉवर बँक बाळगायची असेल, तर पातळ फोन घेऊन काय साधले? त्यापेक्षा सिलिकॉन-कार्बन बॅटरीचे फोन पाहावेत, कारण आत नुसते ग्रॅफाइट वापरणाऱ्या नेहमीच्या बॅटरीपेक्षा त्या तेवढ्याच जागेत अधिक ऊर्जा साठवतात. वनप्लस १३ मध्ये ८.५ मिमी जाडीत ६,००० एमएएच बसवले आहेत.