अनुभव धागा : आमच्या वस्तीतली ती वास्तू

जुनी इमारत पुनर्विकासाला जाते तेव्हा करारनाम्यात प्रत्येक खोलीचं चटई क्षेत्र नोंदलं जातं. पण त्या इमारतीत न राहणारी कितीतरी माणसंही तिच्या आधाराने जगत असतात. त्यांची नोंद कुठेच नसते. म्हणून हा धागा. तुमच्याकडची चाळ, वाडा, थिएटर, जे गेलं असेल त्याबद्दल लिहा. तिथे कुणाचं काय चालायचं हे तपशिलात आलं तर फार बरं. पाडलं ते योग्यच झालं असं वाटत असेल, तर तेही मोकळेपणाने लिहा.

आजऱ्याकडचा, सध्या ठाणे

डिलाइल रोडला आमच्या गावाचा गाळा होता. गाळा म्हणजे चाळीतली एक खोली, पण अख्ख्या गावाची. गिरणीत लागलेला गावचा प्रत्येक जण महिन्याची वर्गणी द्यायचा. भिंतीलगत ओळीने पत्र्याच्या ट्रंका. पहिल्या पाळीचे उठून गेले की रात्रपाळीचे येऊन त्याच जागेवर अंग टाकायचे. जेवण शेजारच्या खानावळवाल्या मावशींकडे. १९८२ चा संप झाला, बहुतेक माणसं हळूहळू गावी परतली, तरी गाळा राहिला. मग तिथे पोलीस भरतीला आलेली पोरं उतरू लागली, आणि परळच्या टाटा हॉस्पिटलात उपचाराला आलेले गावचे पेशंट. माझ्या चुलत्यांची केमोथेरपी गाळ्यामुळेच पुरी झाली. एरवी मुंबईत खोली घेऊन राहणं आम्हाला झेपलं नसतं.

चाळ बिल्डरकडे गेली. भाडेपावती पहिल्यापासून एका गाववाल्याच्या नावावर, कारण चाळमालक आमच्या गावच्या मंडळाच्या नावाने पावती फाडत नसे. फ्लॅट त्यांच्या वारसांना मिळाला. कायद्याने तो त्यांचाच, मला त्यांचा राग नाही. पण गावाने दोन पिढ्या वर्गणी भरून टिकवलेली जागा एका सहीत संपली. आजही कुणी आजारी पडलं की फोन येतो, "दादा, कुठं उतरायचं?" मी ठाण्याला घेऊन येतो. पण केमो घेतलेल्या माणसाला परळ-ठाणे प्रवास सोसत नाही, हे मी डोळ्यांनी पाहतो आहे.

वरळीची लेक

दादा, तुमचं वाचून गलबललं. तरी मी दुसरी बाजू लिहिते. आमच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात सरकारी विकास खात्याने बांधल्या. १६० चौरस फुटांची खोली, संडास मजल्यावर सामाईक. माझ्या आईने गुडघेदुखी घेऊन रात्री-अपरात्री त्या काळोख्या पॅसेजमधून ये-जा केली आहे. पावसाळ्यात स्लॅबचे पोपडे पडायचे, पाळणा कुठे टांगायचा याची चिंता असायची. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीत पहिल्या चाव्या मिळाल्या, ५०० चौरस फुटांच्या घरांच्या. ती चाळ जायलाच हवी होती. जुनं सगळं सुंदर होतं असं म्हणणाऱ्यांनी त्या संडासाच्या रांगेत उभं राहून पाहावं.

मला खुपतं ते वेगळंच. चाळीत वीस बिऱ्हाडांचा मजला होता, दारं दिवसभर उघडी. आईला बरं नसलं की ते समोरच्या काकूंना माझ्याआधी कळायचं. आता काकू दुसऱ्या टॉवरमध्ये आहेत, आणि नवीन घरांचं वाटप करताना शेजार जपायचा विचार व्हायला हवा होता, असं मला फार वाटतं. त्याला जादा पैसाही लागला नसता.

गिरगावकर

'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला आमच्या मॅजेस्टिकमध्ये लागला होता. देशातला पहिला बोलपट! आज तिथे शॉपिंग सेंटर आहे. नाव तेवढं मॅजेस्टिक राहिलंय.

सदाशिव पेठ, वाड्याच्या मालकांपैकी

मालकांचंही कुणीतरी लिहायला हवं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. आमच्या एकेका बिऱ्हाडाच्या भाड्यात पुढे दोन वेळचा चहाही येत नसे. सागवानी तुळया वाळवीने पोखरल्या, माळवद गळायला लागलं, दुरुस्ती कशातून करायची? शेवटी विकला. चौकात हौद होता. १९६१ साली पानशेत फुटल्यावर पुण्याचे नळ बंद पडले, तेव्हा अर्धी गल्ली आमच्या हौदावर पाणी भरत होती, असं आजी सांगायची. दिंडी दरवाजा त्या दिवसांत रात्रीही लावत नसत. पाडताना नक्षीचे खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने नेले. हौद बुजवून वर पार्किंग आलं. दुरुस्तीपुरतं भाडं वाढवायची सोय वेळेत झाली असती, तर पेठांमधले कितीतरी वाडे उभे राहिले असते, हे मी ठामपणे म्हणेन.

दादरचा, पुनर्विकास समितीवर

आमची इमारत अजून उभी आहे, म्हणून कामाचं तेवढं लिहितो. तळमजल्यावर मंडळाची खोली आहे. गणपती तिथेच, आणि वर्षभर मुलांची अभ्यासिका. आजूबाजूच्या वस्तीतली मुलंही येतात, कारण त्यांच्या घरी बसायला जागा नाही. बिल्डरच्या मसुद्यात फक्त "योग्य ती सामाईक जागा" असं होतं. आम्ही अडून बसलो. आता मजला, चौरस फूट, रस्त्याकडून स्वतंत्र दार आणि बाहेरच्या मुलांना प्रवेश, हे सगळं कलमात आहे आणि नकाशावरही दाखवलं आहे.

आजऱ्याच्या दादांना एक विनंती. तुमच्यासारखे गाळे लालबाग-परळला अजून आहेत. ज्यांची चाळ पडायची आहे त्यांना सांगा, मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवा, आणि पावती मंडळाच्या नावावर करायला मालकाची लेखी संमती आत्ताच मागा. एकदा पात्रतेची यादी लागली की फार उशीर होतो. आमच्या कलमाचा मजकूर कुणाला हवा असेल तर इथेच टाकतो.