डिस्लेक्सिया आणि वर्गातल्या नोट्स: बोललेलं आपोआप टाइप करणारं अ‍ॅप पुरेसं आहे का?

वर्गशिक्षिका_८वी: वर्गातल्या एका विद्यार्थ्याला डिस्लेक्सिया आहे. तोंडी उत्तरं चोख देतो, पण वही अर्धीच. फळ्यावरचं उतरवताना ओळ चुकते, ती शोधेपर्यंत पुढचं बोलणं निसटतं. टॅबलेटला परवानगी आहे. बोललेलं आपोआप टाइप करणारं अ‍ॅप द्यावं, असं पालकांचं म्हणणं आहे. तेवढ्याने भागेल?

विशेष_शिक्षक: नाही भागणार, ताई. 40 मिनिटांच्या तासात चार-पाच हजार शब्द सहज बोलले जातात. ज्याला वाचणंच जड जातं, त्याच्या हाती तुम्ही विरामचिन्हं नसलेलं बाड देणार. त्यात मागच्या बाकावरून टिपताना संज्ञा हमखास चुकतात आणि चुकलेला शब्द त्याला ओळखता येत नाही.

त्यापेक्षा वननोट किंवा नोटॅबिलिटीसारखं, नोंद आणि आवाज जोडणारं अ‍ॅप घ्या. रेकॉर्डिंग चालू असताना लिहिलेल्या नोंदीपासून नेमकं त्या वेळचं बोलणं ऐकता येतं. म्हणून वर्गात फक्त मुख्य शब्द, बाण आणि न कळलेल्या जागी प्रश्नचिन्ह. 'हरितद्रव्य → प्रकाश ?' एवढं पुरे. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हा बघूच नये. रेकॉर्डिंग थांबल्यावर लिहिलेलं आवाजाशी जोडलं जात नाही, हे त्याला आधीच सांगा.

माइकवाला: टॅबलेट बाकावर ठेवून टाइप केलं की बोटांची टकटक शिक्षकांच्या आवाजावर मात करते. पहिला बाक, वेगळा छोटा माइक आणि तो बाकाला न टेकवता. एअरप्लेन मोड लावाच, फोन किंवा नोटिफिकेशन आलं की रेकॉर्डिंगमध्ये अडथळा येऊ शकतो. आणि प्रत्येक विषयशिक्षकांची परवानगी आधी घ्या.

अक्षरजुळणी: छापील मजकुराबद्दल. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसतं चित्र, वाचून दाखवणारं अ‍ॅप तिथे बहुधा मुकं होतं. मूळ वर्ड फाइल द्या. 14 पॉइंट, ओळींत दीडपट अंतर, डावीकडे जुळवलेलं, तिरकी अक्षरं नकोत. इंग्रजीसाठी अक्षरांमधलं अंतर वाढवण्याचा सल्ला देतात, तो देवनागरीला लावू नका: शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. त्याऐवजी शब्दांमधलं अंतर वाढवा. 'डिस्लेक्सियाचे खास फॉन्ट' यांचा ठोस फायदा संशोधनात सातत्याने दिसलेला नाही, त्यामागे वेळ घालवू नका. फळ्याचा फोटो नोंदीतच डकवा. हस्ताक्षराचं टेक्स्ट करण्याच्या भरीला पडू नका, जोडाक्षरांचा पार बोजवारा उडतो.

वर्गशिक्षिका_८वी: धन्यवाद. पण घरी जाऊन सगळा तास पुन्हा ऐकायचा का?

विशेष_शिक्षक: मुळीच नाही, मग आठवडाभरात तो कंटाळून सोडून देईल. फक्त प्रश्नचिन्हांच्या जागा ऐकायच्या, त्याही त्याच संध्याकाळी, कारण दोन दिवसांनी 'प्रकाश ?' म्हणजे काय विचारायचं होतं तेच आठवत नाही. मग जीबोर्डची (गूगलच्या कीबोर्ड अ‍ॅपची) भाषा मराठी करून, माइक दाबून प्रत्येक मुद्द्यावर दोन वाक्यं स्वतःच्या शब्दांत बोलायची. 'पूर्णविराम' म्हटल्यावर चिन्ह उमटेलच असं नाही, कधी तो शब्दच टाइप होतो. म्हणून प्रत्येक वाक्यानंतर एंटर. शेवटी वाचून दाखवण्याची सोय चालू करून ऐकायचं. डोळ्यांना न दिसलेली चूक कानाला लगेच खटकते, दुरुस्ती तिथेच करायची.