मदत हवी आहे: आलेख कागदावरच्या कार रेसमध्ये धडकेला काय शिक्षा ठेवता?

नमस्कार मंडळी. सहावीतल्या लेकीला आणि भाच्याला मी आलेख कागदावरची कार रेस शिकवली. गणिती कोड्यांचे लेखक मार्टिन गार्डनर यांनी १९७३ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मांडलेला हा खेळ. मागच्या चालीत गाडी जितकी घरं आडवी-उभी गेली तितकीच पुन्हा जाते; प्रत्येक दिशेत फार तर एक घर कमी-जास्त करता येतं. फासे नाहीत, नशीब नाही. सरळ ६ घरांची चाल झाली असेल तर थांबायला ५, ४, ३, २, १ अशी आणखी १५ घरं लागतात. हे उमगल्यापासून लेक वळण दिसलं की आधी बोटाने घरं मोजते. ते बघायला मला फार आवडतं.

अडचण धडकेची आहे. ट्रॅकबाहेर गेला तो बाद, असं आम्ही खेळायचो. रविवारी भाचा तिसऱ्याच वळणावर बाहेर गेला, पेन्सिल ठेवून उठला तो पुन्हा बसलाच नाही. फार वाईट वाटलं. मग कडेच्या बिंदूवरून शून्य वेगाने सुरुवात करू दिली, तर दोघंही ब्रेक लावायचं सोडून मुद्दाम भिंतीवर आदळायला लागले!

एखाददोन चाली गमवायला लावायच्या का? किती पुरतात? आणि चालीची रेष वळणाच्या आतल्या कोपऱ्याला नुसती टेकली तर धडक धरायची की नाही? ट्रॅक हाताने काढलेला, त्यामुळे भांडणं यावरूनच. दिवाळीच्या सुट्टीत सगळी भावंडं जमणार आहेत, त्याआधी नियम पक्के करायचे आहेत. कुणी चार-पाच जणांत खेळलं असेल तर जरूर सांगा.