चेक्स अँड बॅलन्सेस पाठ झालं, पण चालतं कसं?

माई_सातारकर

मंडळी, एक शंका आहे. साताऱ्याला शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे, आता लेकाकडे अमेरिकेत एडिसनला असते. नागरिकत्वाच्या मुलाखतीची तयारी चालू आहे. पुस्तिकेत प्रश्न आहे की सरकारची एक शाखा फार बलाढ्य होऊ नये म्हणून काय आहे. उत्तर: चेक्स अँड बॅलन्सेस. पाठ झालं, पण गळी उतरत नाही. आपल्याकडे पंतप्रधान संसदेत बसतो, लोकसभेतलं बहुमत गेलं की सरकार गेलं. हे फळ्यावर दोन मिनिटांत समजावता येई. इथे राष्ट्राध्यक्ष काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, बसतच नाही, आणि महाभियोग सोडला तर ते त्याला घरीही पाठवू शकत नाहीत. मग रोजच्या कारभारात कोण कुणाला अडवतं? एखादं खरं उदाहरण द्याल का? लेक म्हणतो, "आई, पाठ कर आणि सोड." सोडवत नाही.

निळी_फाईल

माई, मी इमिग्रेशनच्या वकिलाकडे पॅरालीगल, म्हणजे मदतनीस, आहे, त्यामुळे आमच्याच गल्लीतलं उदाहरण देते. जगदीश राय चड्ढा. केनियात जन्म, आईवडील भारतीय, पासपोर्ट ब्रिटिश. 1966 मध्ये स्टुडंट व्हिसावर इथे आला, 1972 मध्ये व्हिसा संपला, मग हद्दपारीची नोटीस. 1974 मध्ये इमिग्रेशन जजने त्याची बाजू ऐकली, परत पाठवलं तर याचे फार हाल होतील असं मानलं आणि हद्दपारी थांबवली. इथवरचं आमच्या ऑफिसात नेहमीचं.

पण तेव्हाच्या कायद्यात एक पाचर होती. अशी प्रत्येक केस काँग्रेसला कळवायची, आणि दोनांपैकी कुठल्याही एका सभागृहाने नुसता ठराव केला तरी ती सवलत रद्द. डिसेंबर 1975 मध्ये प्रतिनिधीगृहाच्या समितीने 340 केसेस चाळल्या आणि सहा जणांना नकार द्यायचं ठरवलं. त्यात चड्ढा. ठराव 16 डिसेंबरला मंजूर झाला. छापील प्रत सदस्यांच्या हातात नव्हती, चर्चा नाही, कुणी कसं मत दिलं याची नोंदही नाही. जजसमोर साक्षीपुरावे होऊन मिळालेलं असं एका झटक्यात गेलं.

चड्ढा कोर्टात गेला. गंमत म्हणजे खटल्यात समोरची बाजू असलेलं इमिग्रेशन खातंच म्हणालं, हा बरोबर बोलतोय, ही तरतूद घटनाबाह्य आहे. मग काँग्रेसला स्वतःच्या बचावाला स्वतः यावं लागलं. जून 1983 मध्ये सुप्रीम कोर्टाने 7 विरुद्ध 2 असा निकाल दिला. मुख्य न्यायमूर्ती बर्गर यांनी घटनेच्या कलम 1, विभाग 7 वर बोट ठेवलं: माणसाचे हक्क बदलणारं काही करायचं असेल तर दोन्ही सभागृहांची मंजुरी हवी आणि मग कागद राष्ट्राध्यक्षाच्या टेबलावर जायला हवा. एका सभागृहाचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. न्यायमूर्ती व्हाईट यांनी विरोधी निकालपत्रात जवळजवळ 200 कायद्यांकडे बोट दाखवलं, कारण त्या सगळ्यांत अशीच तरतूद होती. एका विद्यार्थ्याच्या व्हिसापायी सगळ्या गोत्यात आल्या.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. कोण थोर, कोण धाकटा हा मुद्दाच नाही. रस्ता ठरलेला आहे आणि आडवाटेने जायला कुणालाच परवानगी नाही. दोन सभागृहांचं हे लचांड 1787 मध्ये फिलाडेल्फियात घटना लिहिताना मोठ्या आणि छोट्या राज्यांच्या भांडणातून आलं. प्रतिनिधीगृहात लोकसंख्येनुसार जागा, सेनेटमध्ये सगळ्या राज्यांना दोन-दोन. ती तडजोड जुळली नसती तर बैठक मोडलीच असती.

बाप्पा_जर्सीवाले

यात तर काँग्रेसच आपटली. राष्ट्राध्यक्षाला कोण अडवतं? सगळं एक्झिक्युटिव्ह ऑर्डरवर, म्हणजे त्याच्या हुकमावर, चाललंय.

निळी_फाईल

बाप्पा, 1952 बघा. कोरियाचं युद्ध चालू, पोलाद कामगारांचा संप तोंडावर, म्हणून ट्रूमनने एप्रिलमध्ये देशभरातल्या पोलाद गिरण्या ताब्यात घेतल्या. जूनमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की हा अधिकार काँग्रेसने दिलेला नाही, घटनेतही नाही. 6 विरुद्ध 3. ट्रूमनने गिरण्या सोडल्या.

पण तुमचा राग अगदीच अनाठायी नाही. चड्ढाच्या निकालाचं बिल पुढे कुणाच्या नावावर फाटलं बघा. इथल्या आणीबाणीच्या 1976 च्या कायद्यात सोय होती की दोन्ही सभागृहांनी ठराव केला की राष्ट्राध्यक्षाची आणीबाणी संपली. तिथे त्याच्या सहीचा संबंधच नव्हता. 1983 च्या निकालाने ती सोय लंगडी पडली, म्हणून 1985 मध्ये कायदा बदलून सही आणली. म्हणजे ज्याची आणीबाणी, त्याचीच सही! 2019 मध्ये सीमेवरच्या भिंतीसाठी ट्रम्पनी आणीबाणी जाहीर केली. ती संपवायचा ठराव दोन्हीकडे मंजूर झाला, सेनेटमध्ये तर 59 विरुद्ध 41, त्यांच्याच पक्षाचे 12 जण फुटले. त्यांनी व्हेटो मारला, म्हणजे सही नाकारली. तो मोडायला दोनतृतीयांश मतं लागतात. प्रतिनिधीगृहात 248 विरुद्ध 181 झालं, पुरली नाहीत. चड्ढाला न्याय मिळाला याचा मला आनंदच आहे, पण आज आणीबाणीचा तो कायदा वाचताना मला न्यायमूर्ती व्हाईट यांचा विरोधही पटतो.

सदाशिवपेठी_वकील

माईंच्या तुलनेला पूरक म्हणून लिहितो. 44 व्या घटनादुरुस्तीनंतर आपल्याकडे लोकसभेने साध्या बहुमताने नापसंतीचा ठराव केला की कलम 352 ची आणीबाणी मागे घ्यावीच लागते. यावर कुणाचा व्हेटो नाही. अर्थात बहुमत सरकारचंच असतं, त्यामुळे कागदावरचं सोपं प्रत्यक्षात तितकं सोपं नसतं, हेही आहेच. आणि माईंच्या मूळ शंकेवर बाबासाहेब घटना समितीत 4 नोव्हेंबर 1948 ला बोललेले आहेत. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, आपल्या पद्धतीत जबाबदारी जास्त. सरकारचा हिशेब निवडणुकीत होतो तसा संसदेत रोजही होतो, आणि मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला झुकतं माप दिलं.

माई_सातारकर

बाबासाहेबांचं हे भाषण मी वर्गात वाचून दाखवायचे, पण इथल्या प्रश्नाला ते जोडून पाहिलं नव्हतं. निळी_फाईल, तुला शंभर गुण. एक सांग, मुलाखतीत अधिकाऱ्याने "म्हणजे काय?" असं विचारलं तर चड्ढा सांगू का?

निळी_फाईल

अजिबात नको, माई! ते उलटतपासणी घेत नाहीत. पुस्तिकेतलं उत्तर द्या आणि गप्प बसा. जास्त बोलणारी माणसंच आम्हाला घाम फोडतात. त्यापेक्षा अर्जात लिहिलेल्या परदेशवाऱ्यांच्या तारखा पासपोर्टातल्या शिक्क्यांशी ताडून बघा. अडकतं ते बहुतेक तिथेच. ग्रीन कार्ड आणि जुने-नवे सगळे पासपोर्ट मूळ न्या, झेरॉक्स चालत नाही.