गोव्यात डिचोलीकडच्या गावात जुनं घर घेताना काय तपासायचं?

कौलारू घर पसंत पडलंय. विकणारे म्हणतात, घरपट्टी आमच्याच नावावर आहे. तेवढं पुरतं का?

— नाही हो. घरपट्टी हा कर, मालकीचा पुरावा नव्हे. एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्कांची सरकारी नोंद, काढा. कूळ आणि इतर हक्क हे रकाने आधी वाचा. मुंडकार (मालकाच्या जमिनीत त्याच्या संमतीने घर करून राहणारा) निघाला तर 1975 च्या कायद्याचं संरक्षण त्याला आहे.

— वारस मोजा! इथे नवरा-बायकोची मालमत्ता सहसा समाईक, म्हणून विकणाऱ्याच्या बायकोची सही हवीच. बहिणी विसरतात लोक, त्यांच्या नवऱ्यांच्याही सह्या लागतात. एक वारस सुटला की हिश्शाचा दावा आलाच. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीची कोर्टातली कारवाई, झाली असेल तर तो निकाल मागा.

— वासे भिंतीत शिरतात तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा. आत गेला तर वाळवी. विहीर मे महिन्यात बघा, पावसाळ्यात सगळ्याच भरलेल्या.