लेकीला घेऊन फ्रान्समध्ये सायकल: कोणता कालवा?

ए-५०१: नमस्कार मंडळी. मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा, आम्ही दोघं आणि ११ वर्षांची लेक. फ्रान्समध्ये आठ दिवस सायकलवर फिरायचंय. अट एकच, मोटारींचा रस्ता नको. जिथे बघावं तिथे कनाल द्यु मिदीचंच नाव दिसतं, तूलूझपासून भूमध्य समुद्रापर्यंत २४० किमी. जमेल का?

सी-२०४: ताई, मिदी देखणा आहे, पण लेकीला घेऊन सगळा नको. तूलूझ ते पोर-लोरागे हे साधारण ५० किमी डांबरी आहेत, तिथे काही प्रश्न नाही. पुढे ओद जिल्हा सुरू झाला की बऱ्याच ठिकाणी काठाची जुनी मातीची वाट लागते.

ए-३०४: काका, पण त्याच वाटेवरून घोडे नावा ओढायचे ना? सपाटच असणार की.

सी-२०४: चढ नाही हे बरोबर. त्रास आहे तो मुळांचा. काठावर प्लातानची झाडं आहेत, आपल्या काश्मिरी चिनाराच्या कुळातली. त्यांची मुळं मनगटाएवढी जाड होऊन वाटेवर आडवी येतात. वाट काही ठिकाणी जेमतेम दोन हात रुंद, एका बाजूला गवत, दुसऱ्या बाजूला थेट पाणी. तिरप्या मुळावरून पुढचं चाक घसरलं तर सावरायला जागाच नसते. पाऊस झाला की चिकणमाती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये बसते आणि चाक फिरेनासं होतं. शिवाय २००६ पासून या झाडांना बुरशीचा रोग लागलाय. लागण झालेलं झाड तोडावंच लागतं, त्यामुळे काही पट्ट्यांत सावलीही उरलेली नाही. कालवा १६८१ साली पूर्ण झाला, १९९६ पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण त्या नावावर जाऊ नका.

ए-५०१: मग पर्याय काय? ल्वार नदी?

सी-२०४: ल्वारचा मार्ग सुमारे ९०० किमी, सोयी उत्तम, पण त्यात गावातले आणि शेतातले रस्ते मधूनमधून येतात. तुमच्या अटीला जास्त जवळचा म्हणजे गारोनचा कालवा. तूलूझहून पश्चिमेला १९३ किमी, जवळजवळ सलग डांबरी, मोटारींना बंदी. तिथे अशा वाटेला 'व्ह्वा व्हेर्त' म्हणतात, हिरवी वाट. पाटीवर 'व्हेलोरूत' असेल तर सावध राहा. त्यात मोटारींचे शांत रस्तेही धरलेले असतात.

बी-७०२: +१ गारोन. एकूण चढ १३० मीटरच्या आसपास, तोही ५३ लॉकमध्ये विभागलेला. लॉक म्हणजे नावा वर-खाली नेणारे पाण्याचे दरवाजे. प्रत्येक लॉकपाशी दोन-तीन मीटरचा छोटा चढ येतो. लेकीला आधीच सांगा, तिथे पोचायच्या आत एक गिअर हलका करायचा. चढावर जोर लावत गिअर बदलला की चेन उतरते.

डी-१०३: सायकली भाड्याच्याच ना? मग तूलूझला घ्या, तिथून ट्रेननं पश्चिमेला जा आणि सायकलवर तूलूझला परत या. दुसऱ्या गावात सायकल सोडायचं जादा भाडं वाचतं. बोर्दो-आझाँ-तूलूझ रेल्वे बहुतेक ठिकाणी कालव्याला धरूनच जाते. कोणी दमलं, पाऊस लागला, तर मार्मांद, आझाँ, व्हालाँस, म्वासाक, ग्रिझोल, यापैकी कुठूनही गाडी मिळते.

ए-५०१: ट्रेनमध्ये तीन सायकली घेतात?

डी-१०३: 'तेएर' म्हणजे तिथली पॅसेंजर. तिच्यात सहसा फुकट घेतात, पण सायकल टांगायचे हुक मोजकेच असतात. शनिवार-रविवार आणि ऑफिसची वेळ टाळा. उन्हाळ्यात काही मार्गांवर आरक्षण लागतं, तिकिटाबरोबरच बघून घ्या. तीन गोष्टी विसरू नका. पॅनिअर, म्हणजे कॅरिअरच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या, प्लॅटफॉर्मवरच काढून ठेवायचे, कारण भरलेली सायकल हुकावर उचलता येत नाही. आझाँला गाडी बदलण्याची तयारी ठेवायची, छोट्या स्टेशनांवर लिफ्ट नसते. आणि वेळापत्रकात 'ओतोकार' लिहिलं असेल तर ती बस आहे, तिच्यात सायकल घेतीलच असं नाही.

सी-२०४: टप्पे सांगतो, अंतरं अंदाजे. ट्रेननं ला रेओल, तिथून नदी ओलांडून तीन-चार किमीवर फोंते, तिथे कालवा मिळतो. फोंते ते ल मास दाज्ने २७. तिथल्या चर्चमध्ये रेम्ब्रांटचं १६३१ चं 'क्रूसावरचा ख्रिस्त' आहे, चुकवू नका. ल मास ते ब्यूझे २०. ब्यूझे ते आझाँ २९. आझाँला कालवा २३ कमानींच्या दगडी पुलावरून गारोन नदी ओलांडतो. खाली नदी, वर कालवा, बाजूनं तुम्ही. मग आझाँ ते म्वासाक ४३, हा सगळ्यात लांब दिवस. म्वासाकला एक दिवस मुक्काम वाढवा, मठातलं ११०० सालचं ओवऱ्यांचं अंगण दोन तास घेतं. म्वासाक ते ग्रिझोल ३७ आणि शेवटी तूलूझ २७. या दिशेनं वाराही सहसा पाठीमागून असतो. फक्त 'ओताँ' सुटला तर तो आग्नेयेकडून समोर येतो आणि तूलूझजवळ जोरात लागतो. त्या दिवशी सकाळी लवकर निघा.

ए-३०४: आणि कार्कासोन, ते तटबंदीचं जुनं गाव, राहिलंच!

सी-२०४: ते तूलूझहून ट्रेननं करा, तासाभराचा प्रवास. मिदीची हौस असेल तर एक दिवस रिकाम्या सायकलींनी पोर-लोरागेपर्यंत डांबरी वाटेनं जा आणि आव्हिन्योनेच्या स्टेशनवरून परत या. पुढे थोड्याच अंतरावर नोरूझ आहे. डोंगरातून आणलेलं पाणी तिथे कालव्याला मिळतं आणि दोन्हीकडे वाहतं, एकीकडे अटलांटिक, दुसरीकडे भूमध्य. हा कालवा बांधणाऱ्या रिकेची सगळी हुशारी त्या एका जागी बघायला मिळते.

ए-५०१: सायकल कुठली मागू?

बी-७०२: 'व्हेतेसे' मागा, म्हणजे हायब्रीड. टायर ३५ ते ४० मिमी, मडगार्ड, मागे कॅरिअर. लेकीला २४ इंची, आधी ईमेलनं उंची कळवून. ताब्यात घेताना दुकानासमोरच पुढच्या गोष्टी बघा.

ब्रेक: तिथे पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो, आपल्याकडे बऱ्याच सायकलींना उजव्या. घाबरून चुकीचा दाबला तर पुढचं चाक अडतं. तिघांनीही मोकळ्या जागेत दहा-बारा वेळा थांबून हात बसवून घ्या.

सीट: टाच पेडलवर, पेडल खाली, पाय सरळ. एवढी उंची.

हवा: ४० मिमी टायरला मोठ्यांसाठी पुढे ४५, मागे ५५ पीएसआय. लेकीला पुढे-मागे ३५-४०. पंपावर 'बार' लिहिलेलं असेल तर १ बार म्हणजे १४.५ पीएसआय.

व्हॉल्व्ह: मोटारीसारखा जाड की पिन उघडायचा बारीक, ते बघून त्याच जातीच्या दोन स्पेअर ट्यूब आणि पंप मागून घ्या. मोठी ट्यूब २४ इंचीत नीट बसत नाही, लेकीसाठी वेगळी.

वजन: मागच्या कॅरिअरवर दोन्ही बाजूंना मिळून १२ किलोच्या आत. जड सामान तळाशी आणि दोन्हीकडे सारखं. जास्त लादलं की मागच्या चाकाचे स्पोक तुटतात, तेही गिअरच्या बाजूचे, आणि ते वाटेत बदलता येत नाहीत कारण आधी गिअरचं चक्र काढावं लागतं. पॅनिअर लावून पेडल उलटं फिरवून बघा. टाच पिशवीला लागत असेल तर पिशवी मागे सरकवा.

डी-१०३: पंक्चरचंही सांगा ना दादा.

बी-७०२: डांबरी वाटेवर पंक्चर होतं ते मुख्यतः काट्यांनी. कडेची झुडपं मशीननं कापली की काट्यांचे तुकडे वाटेवर पसरतात. कापलेला ताजा पाला दिसला तर तेवढा तुकडा चालत जा. पंक्चर झालंच तर नवी ट्यूब घालायची घाई नको. आधी ट्यूबमधलं भोक शोधा, व्हॉल्व्हपासून ते किती अंतरावर आहे ते टायरवर मोजा, तिथेच काटा असतो. मग टायरच्या आतून रुमाल गोल फिरवा. रुमाल अडकेल तिथे नखानं चाचपा. काटा रबरात रुतून टोक अर्धा मिमी आत आलेलं असतं, डोळ्यांना दिसत नाही. तो चिमट्यानं बाहेरून काढा. तो राहिला तर नवी ट्यूब पाच किमीही टिकत नाही. जुन्या ट्यूबला रात्री सोल्यूशन लावून पॅच मारायचा. सोल्यूशन पाच मिनिटं वाळू द्या, ओल्यावर पॅच धरत नाही.

डी-१०३: कायद्याचं माझ्याकडून. १२ वर्षांखाली हेल्मेट सक्तीचं, म्हणजे लेकीला लागणारच. कानात इअरफोन घालून सायकल चालवायला बंदी आहे, दंड १३५ युरो. घंटी, पुढे-मागे दिवे, रिफ्लेक्टर हवेतच. गावाबाहेर अंधारात किंवा धुक्यात चमकणारं जॅकेट घालावं लागतं. हिरवी वाट रस्त्याला छेदते तिथे बहुतेक वेळा थांबायचं आपणच, आणि वाहनं उजवीकडून चालतात म्हणून आधी डावीकडे बघायचं. ही सवय मोडायला मोठ्यांनाच जास्त वेळ लागतो.

ए-५०१: आम्ही शाकाहारी. खायचे हाल होतील का?

डी-१०३: होणार नाहीत, फक्त वेळ सांभाळा. गावातली दुकानं १२ ते २ किंवा त्याहूनही जास्त वेळ बंद, रविवारी दुपारनंतर बंद, सोमवारी बरीचशी बंद. मेमध्ये सुट्ट्याही फार, १ आणि ८ तारीख ठरलेल्या, शिवाय ईस्टरवरून ठरणारे गुरुवार-सोमवार. एका जेवणाचं सामान कायम पिशवीत ठेवा, ब्रेड, चीज, टोमॅटो, सुका मेवा. बेकरीतल्या कीशमध्ये (अंडी-क्रीम घालून भाजलेला खारा पाय) बहुधा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, 'साँ व्ह्यांद, साँ लारदों' म्हणून विचारा. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर मासा ताटात येऊ शकतो. पाणी माणशी दीड लिटर. गावाच्या दफनभूमीच्या फाटकापाशी सहसा नळ असतो. 'ओ पोताब्ल' असेल तर प्या, 'नों पोताब्ल' असेल तर नको.

मुक्कामासाठी 'आक्य व्हेलो' ची पाटी शोधा. ही ठिकाणं मार्गापासून ५ किमीच्या आत असतात, सायकलींना कुलपाची जागा आणि दुरुस्तीचं सामान देतात. व्हिसासाठी रोजच्या रात्रीचं बुकिंग दाखवावं लागतं आणि तुमचं गाव रोज बदलणार, म्हणून टप्पे आत्ताच ठरवा. विमा किमान ३०,००० युरोचा, आणि त्यात सायकलिंग वगळलेलं नाही ना ते वाचा.

ए-५०१: सगळं उतरवून घेतलं. शेवटचं, लेक पुढे पळते. तिला काय सांगू?

बी-७०२: पुलांखालून वाट अरुंद होते आणि समोरचं दिसत नाही. तिथे घंटी वाजवायची, वेग कमी, एकामागे एक. काठावर गळ टाकून बसलेले लोक दिसले की थांबायच्या तयारीत राहायचं, त्यांच्या लांब काठ्या मागे वाटेवर आडव्या येतात. आणि पुढे गेली तरी पुढच्या लॉकपाशी थांबायचं. लॉकच्या घरावर नावाची पाटी असते. ते नाव तिला वाचून लक्षात ठेवायला सांगा. ११२ ला फोन करायची वेळ आली तर जागा सांगायला तेच नाव लागतं.