होमोथोरॅक्स आणि डिस्टल-लेस: पायात पटत नाही, मग अँटेनात कसं पटतं?

झूलॉजी_भाग२: एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ड्रोसोफिलाच्या (फळमाशीच्या) पायावर सेमिनार द्यायचाय. पायाच्या डिस्कमध्ये (अळीतली पेशींची चकती, जिच्यातून पुढे पाय होतो) होमोथोरॅक्स हे जनुक कडेला, डिस्टल-लेस हे जनुक मध्यभागी आणि दोघं एकमेकांना दाबतात, इथवर समजलं. पण अँटेनाच्या (डोक्यावरच्या मिशीच्या) डिस्कमध्ये हीच दोन जनुकं एकाच पेशीत चालू असतात! मग तिथे दाबादाबी का होत नाही?

माशीवाली: सेमिनारमध्ये नेमका हाच प्रश्न येणार बघ. आधी ती एकमेकांना दाबणाऱ्या जनुकांची बाणांची आकृती बाजूला ठेव. ती बघून वाटतं, एकाचं प्रथिन थेट जाऊन दुसऱ्याला बंद करतं. मामला तेवढा सरळ नाही.

पायाच्या डिस्कमध्ये पाठीकडून डेकापेंटाप्लेजिक आणि पोटाकडून विंगलेस अशा प्रथिनांचे संकेत येतात. मध्यभागी दोन्हींचा जोर, तिथे डिस्टल-लेस चालू होतं. त्याच्या बाहेरच्या कड्यात डाक्सहुंड हे तिसरं जनुक. ही दोघं होमोथोरॅक्सला आत येऊ देत नाहीत. उलट, कडेच्या पेशींत होमोथोरॅक्स असल्यामुळे संकेत पोचला तरी त्या दाद देत नाहीत.

जमलं तर स्वतः बघच. तिसऱ्या अवस्थेची अळी नळीच्या काचेवर चढायला लागली की पकड, बफरमध्ये तिचा पुढचा भाग उलटा कर आणि जनुकाचं प्रथिन कुठे आहे ते दाखवणारी अँटिबॉडी लाव. कोषात ही डिस्क घडीच्या पेल्यासारखी उघडते: मधला ठिपका म्हणजे नख्यांचं टोक, बाहेरचं कडं म्हणजे पायाचा अंगाला लागून असलेला भाग, कॉक्सा. नीट पाहिलंस तर ट्रोकँटरच्या (कॉक्सानंतरच्या छोट्या भागाच्या) जागी एक बारीक कडं दिसेल, तिथे डिस्टल-लेस आणि होमोथोरॅक्स दोन्ही असतात. म्हणजे पायातसुद्धा त्यांचं कायमचं वाकडं नाही!

फरक पाडतं ते अँटेनापीडिया हे जनुक. ते पायात असतं, अँटेनात नसतं. पायाच्या मधल्या भागात होमोथोरॅक्सला बंद ठेवण्यात त्याचा हात आहे. अँटेनात हा दाब नाही, म्हणून दोघं एकत्र राहतात आणि त्या जोडीतूनच अँटेना घडतो. १९८७ साली बासेलला गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत उष्णता देऊन अळीत अँटेनापीडिया सगळीकडे चालू केलं, तर अँटेनाच्या जागी पाय आले. १९९८ मध्ये कासारेस आणि मान यांनी दाखवलं की अँटेनातून नुसतं होमोथोरॅक्स काढलं तरी पायच येतो. माझ्या मते हे दोन प्रयोग शेजारी-शेजारी ठेवलेस की तुझं उत्तर मिळालंच.

झूलॉजी_भाग२: ताई, मग पायातून अँटेनापीडिया काढलं तर अँटेना यायला हवा ना?

माशीवाली: येतो. मधल्या जोडीच्या पायात स्ट्रूल या संशोधकांनी १९८१ मध्येच ते दाखवलंय. तेव्हा होमोथोरॅक्सचं नावही कुणाला माहीत नव्हतं.

कोषातला: डाक्सहुंडला विसरू नका. अँटेनात होमोथोरॅक्सच त्याला आटोक्यात ठेवतं. होमोथोरॅक्स काढलं की डाक्सहुंड पसरतं. आणि डाक्सहुंडच नसेल तर मांडी-नडगीचा भाग खुंटून पाय आखूड होतात, अँटेना मात्र जवळपास शाबूत.

माशीवाली: अगदी बरोबर. स्लाइडवर दोन्ही डिस्क शेजारी-शेजारी काढ, तिन्ही जनुकांना दोन्हीकडे तेच रंग दे आणि अँटेनापीडिया फक्त पायाच्या डिस्कवर दाखव.